जिवंत शिदोरी

दाराच्या चौकटीवर, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, कधी खुंटीवर महिनाभर लटकत राहिलेल्या शर्टाच्या घडीत बोराएवढं मातीचं गाडगं चिकटलेलं दिसतं. कुंभारणीचं घर. कुंभारीण म्हणजे बारीक कमरेची, एकटीच राहणारी एक गांधीलमाशी. दिवाळीच्या साफसफाईत ते घर झाडूच्या दांड्याने खाली येतं, फुटतं आणि आतून पाच-सात हिरव्या अळ्या फरशीवर सांडतात. त्या मेलेल्या वाटतात, पण सुकलेल्या नसतात आणि त्यांना वासही येत नाही. एखादी तर काडीने डिवचली की शेपटाकडून किंचित वळवळतेही. हेच घर कुणी पाडलं नाही, तर काही आठवड्यांनी त्याला भोक पडतं आणि त्यातून नवी कोरी कुंभारीण बाहेर येते.

अळ्या आत गेल्या, माशी बाहेर आली. एवढ्या निरीक्षणावर आपल्याकडे एक अख्खा दृष्टान्त उभा आहे: भ्रमरकीटन्याय. भिंतीवरच्या घरात कोंडलेला कीटक भयाने भ्रमराचंच चिंतन करत राहतो आणि शेवटी स्वतःच भ्रमर होतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत हा भ्रमरही आहे. आणि एकनाथांची टीका नेमकी त्याच स्कंधावर असल्याने मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. ध्यासाचं बळ सांगायला याहून चांगला दाखला मिळणं कठीण. निरीक्षणही खोटं नाही. फक्त बंद गाडग्यात मधल्या काळात काय घडतं, ते कुणी पाहिलेलं नव्हतं.

ते पाहायचा ध्यास घेतला दक्षिण फ्रान्समधल्या एका मास्तराने. त्याचं नाव झाँ-आँरी फाब्र.

१८५४ सालच्या हिवाळ्यात हा मास्तर आविन्योंच्या सरकारी शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होता. वय तीस-एकतीस, घरात बायको-मुलं, पगार बेताचा. एका रात्री त्याच्या हाती लेआँ द्युफूर यांचा एक निबंध पडला. द्युफूर हे पेशाने डॉक्टर आणि त्या काळचे फ्रान्समधले मोठे कीटकतज्ज्ञ. सर्सेरिस नावाच्या गांधीलमाशीची जमिनीतली बिळं उकरून त्यांनी आतून धातूसारखे चमकणारे भुंगे काढले होते. माशी हे भुंगे आपल्या पिल्लांसाठी साठवते. भुंगे निपचित पडलेले, पण कित्येक दिवसांनीही त्यांचे सांधे लवचीक आणि आतडी ताजी. मेलेला भुंगा उन्हाळ्यात दोन दिवसांत वाळून कडक होतो, मग हे कसे टिकले? द्युफूर यांचं उत्तर असं होतं की माशी भुंग्याला मारते आणि तिच्या विषात शव टिकवणारं काही द्रव्य असावं. थोडक्यात, मुरंबा.

फाब्रला हे पटलं नाही. त्याने सर्सेरिसच्याच दुसऱ्या एका जातीच्या वसाहती शोधल्या. ही माशी चमकदार भुंग्यांऐवजी सोंड्या भुंगे पकडते. बिळांतून भुंगे काढून त्याने घरी कुप्यांत ठेवले, तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती फार साधी होती. या ‘मेलेल्या’ भुंग्यांना काही दिवस शौचाला होत होतं. मग त्याने भुंगे लाकडाच्या भुशात ठेवून भुशावर बेंझीनचे थेंब टाकले. थोड्या वेळाने पाय हलले. विजेचा सौम्य प्रवाह दिला तेव्हाही पाय आखडले, पसरले. मेलेल्या किड्यावर त्याने हेच प्रयोग केले तर काही होत नव्हतं. तेव्हा भुंगे मेलेले नव्हतेच. त्यांची हालचाल तेवढी काढून घेतलेली होती.

आता प्रश्न असा की कशी काढून घेतली. माशी नांगी नेमकी कुठे मारते हे पाहायला हवं होतं आणि शिकार तर बिळापासून दूर कुठेतरी होते. फाब्रने धडधाकट सोंड्या भुंगे गोळा केले (यात त्याचे दोन दिवस गेले, ही तक्रार त्याने तपशिलात नोंदवली आहे) आणि एकेक बिळाच्या तोंडाशी ठेवून पाहिला. माशीने ढुंकून पाहिलं नाही. शेवटी त्याने वेगळी युक्ती केली. माशी आपला लुळा भुंगा पायांत धरून बिळाकडे ओढत निघाली की चिमट्याने तो काढून घ्यायचा आणि तिथे जिवंत भुंगा सोडायचा. आपलं सावज पायांखालून निसटतंय असं वाटताच माशी नव्या भुंग्यावर झेपावली, त्याची सोंड जबड्यात धरली, पाठीवर पाय रोवले आणि पोट वाकवून छातीच्या खालच्या बाजूला, पायांच्या पहिल्या आणि दुसऱ्या जोडीमधल्या सांध्यात नांगी खुपसली. भुंगा जागच्या जागी थंड झाला.

त्या सांध्यामागे काय असतं? कीटकाला आपल्यासारखा पाठीचा कणा नसतो. त्याच्या पोटाच्या बाजूने मज्जातंतूंचा दुपदरी दोर जातो आणि त्यावर ठिकठिकाणी गाठी असतात. पाय हलवायचे हुकूम छातीतल्या गाठींतून सुटतात. बहुतेक भुंग्यांमध्ये या गाठी एकमेकींपासून दूर असतात, पण काही थोड्या कुळांत त्या एकमेकींना चिकटलेल्या, जवळजवळ एक झालेल्या असतात. शरीररचनेची पुस्तकं उलगडून फाब्रने ती कुळं पाहिली, तर त्यांत नेमके सर्सेरिसच्या शिकारीचे चमकदार भुंगे आणि सोंड्या भुंगे निघाले. एका नांगीत सगळे पाय निकामी करायचे तर दुसरे भुंगे चाललेच नसते.

इथे बहुतेकांनी लेखणी खाली ठेवली असती. फाब्रने ती उचलली. लिहायच्या टाकाचं टोकदार निब अमोनियात बुडवून त्याने स्वतः भुंग्यांच्या त्याच सांध्यात टोचलं. गाठी एकवटलेल्या कुळांतले भुंगे तत्क्षणी लुळे पडले आणि पुढे बराच काळ ताजे राहिले. गाठी विखुरलेल्या भुंग्यांना झटके आले, पण मग ते सावरले आणि चालू लागले. हे संशोधन १८५५ साली छापून आलं आणि पुढच्या वर्षी फ्रेंच विज्ञान अकादमीने त्याला प्रायोगिक शरीरक्रियाविज्ञानाचं पारितोषिक दिलं. द्युफूर यांचा मुरंबा त्याने मोडीत काढला होता, तरी त्या वृद्ध डॉक्टरांनी त्याला मोकळेपणाने कौतुकाचं पत्र पाठवलं.

आपल्या कुंभारणीच्या नात्यातल्या युमेनिस माशीकडे तो पुढे वळला. तिच्या गाडग्यातला पेच वेगळा आहे. तिच्या अळ्या पुऱ्या लुळ्या नसतात. त्या वळवळतात, जबडे हलवतात. त्यांच्या गर्दीत ठेवलेलं नाजूक अंडं चिरडायला एक वळसा पुरे. मग अंडं जगतं कसं? फाब्रने गाडग्याला बाजूने अलगद खिडकी पाडली. आत घुमटाच्या छतापासून कोळ्याच्या धाग्यासारखा एक बारीक धागा लोंबत होता आणि त्याच्या टोकाला अंडं टांगलेलं होतं. खालच्या अळ्या कितीही वळवळल्या तरी अंडं अधांतरी सुरक्षित. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पहिले काही दिवस तिथेच लटकत राहतं. डोकं खाली करून ते खालच्या अळीचा घास घेतं, आणि अळी फारच हलली तर अंड्याच्या रिकाम्या सालीच्या नळीत सरकून वर जातं. थोडं मोठं झालं, अंगात बळ आलं की खाली उतरतं आणि मग उरलेल्या शिदोरीचा फडशा पाडतं. शिदोरी जिवंत असल्यानेच ती पिल्लाचं बालपण संपेपर्यंत पुरते. अळी काही माशी होत नाही. अळीला खाऊन माशीचं पिल्लू माशी होतं.

हा माणूस या वाटेला लागला तो बराच उशिरा आणि आडवळणाने. १८२३ च्या डिसेंबरात आव्हेरों प्रांतातल्या सँ-लेओं या डोंगराळ खेड्यात त्याचा जन्म झाला. घरी दारिद्र्य. बापाने या शहरातून त्या शहरात कॉफीची दुकानं थाटली आणि बहुतेक सगळी बुडाली. पोरगा काही काळ रेल्वेमार्गाच्या कामावर मजुरी करत होता. आविन्योंच्या अध्यापक विद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली आणि अठरा-एकोणिसाव्या वर्षी तो कार्पांत्रासला प्राथमिक शिक्षक झाला. गणित आणि पदार्थविज्ञानाच्या पदव्या त्याने नोकरी सांभाळून, कुणाच्याही शिकवणीविना मिळवल्या. खरं तर त्याला गणितातच पुढे जायचं होतं. १८४९ साली कॉर्सिका बेटावर बदली झाली आणि तिथे मोकॅं-तांदों हे तुलूजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक त्याच्या घरी उतरले. जाण्याआधी त्यांनी शिवणाच्या डब्यातल्या सुया मागितल्या, बशीत पाणी घेतलं, त्यात गोगलगाय ठेवली आणि तिचं शवविच्छेदन करून दाखवलं. गणित सोड, हे कर, असा त्यांचा सल्ला होता. निसर्गविज्ञानाचा हा एवढाच धडा त्याने दुसऱ्याकडून घेतला. हत्यारं मात्र आयुष्यभर तशीच राहिली: सुया, काचेच्या कुप्या, जाळीची टोपली आणि स्वयंपाकघरातल्या बश्या. पुढे १८५५ मध्ये पॅरिसहून डॉक्टरेट आली, तरी हत्यारं बदलली नाहीत.

आविन्योंची वर्षं हलाखीची होती. विद्यापीठात जागा मिळवायची तर घरची मालमत्ता हवी, हे त्याला एका वरिष्ठाने स्पष्ट सांगितलं. म्हणून त्याने पैशांसाठी मॅडरच्या मुळांपासून लाल रंग काढायचा उद्योग धरला. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण. त्या भागातली शेतंच्या शेतं तिची असत. वर्षानुवर्षं खपून त्याने शुद्ध रंग काढायची पद्धत बसवली, पेटंटं घेतली. आणि १८६८-६९ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग, अ‍ॅलिझरिन, डांबरापासून बनवला. थोड्याच वर्षांत मॅडरची शेती आणि फाब्रची आशा दोन्ही बसली.

याच काळात, १८६५ साली, त्याच्याकडे लुई पाश्चर आले. रेशीमकिड्यांच्या रोगाने दक्षिण फ्रान्सचा रेशीमधंदा कोलमडत होता आणि सरकारने पाश्चरना कामाला लावलं होतं. पाश्चरनी फाब्रला विनंती केली की मी अजून कोष पाहिलेला नाही, तेवढा दाखवा. फाब्रने शेजारून कोष आणून दिला. पाश्चरनी तो कानाशी धरून हलवला आणि आश्चर्याने म्हणाले, आत काहीतरी आहे की! आत काय असणार, कोशित किडा. पण हे त्यांना ठाऊक नव्हतं. असा माणूस किड्यांचा रोग बरा करायला निघाला आहे याचं फाब्रला हसू आलं नाही. उलट कोऱ्या पाटीने प्रश्नाला भिडायचं हे धैर्य त्याने मनात नोंदवलं आणि पुढे स्वतःचं अल्पवाचन त्याच आधारावर समर्थनीय ठरवलं. पाश्चरना त्या भेटीत वाइनबद्दलही काही पाहायचं होतं, म्हणून त्यांनी तुमचं तळघर दाखवा म्हटलं. मास्तराकडे तळघर कुठलं? त्याने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या मोडक्या खुर्चीवरचा एक बुधला दाखवला. ही जखम मात्र त्याने बरीच वर्षं जपली.

शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्यूर्यूई यांचा त्याच्यावर लोभ होता. त्यांच्यामुळे १८६८ मध्ये त्याला लेजों द ऑनर मिळालं आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनसमोर उभं राहावं लागलं. याच मंत्र्यांनी प्रौढांसाठी सायंवर्ग सुरू केले होते आणि फाब्र त्यांत विज्ञान शिकवी. मुलीही येत. फुलांमध्ये परागण कसं होतं हे त्याने मुलींना सांगितलं आणि गावात गहजब झाला. धर्मनिष्ठ घरमालकिणींनी घर सोडायला लावलं. १८७० साली तो नोकरी सोडून, पाच मुलांचं बिऱ्हाड घेऊन ऑरांज गावी निघाला. जायला हाताशी पैसे नव्हते. तेव्हा मदतीला आले ते इंग्लंडचे तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. पत्नीची कबर आविन्योंत असल्याने ते तिथे घर करून राहत आणि फाब्रबरोबर रानोमाळ वनस्पती गोळा करत. त्यांनी ३००० फ्रँक बिनकागदपत्रांचे दिले. फाब्रने ते पुढे पुस्तकांच्या कमाईतून फेडले.

ती पुस्तकं शाळेची होती. पदार्थविज्ञान, रसायन, खगोल, शेती, घरकाम, हाती येईल त्या विषयावर त्याने मुलांसाठी क्रमिक पुस्तकं लिहिली. मला वाटतं, फाब्र लेखक झाला तो इथे. दहा वर्षांच्या पोराला समजेल असं लिहायची सवय लागलेल्या माणसाला नंतर विद्वानांसाठी अवघड लिहिणं जमत नाही. १८७७ साली त्याचा लाडका मुलगा झ्यूल वारला. कीटकांमागे हिंडताना हाच त्याचा जोडीदार असे. त्या दुःखात त्याने आपलं पहिलं मोठं पुस्तक पुरं केलं आणि नव्याने वर्णन केलेल्या तीन गांधीलमाश्यांना मुलाचं नाव दिलं. ‘सुव्हनीर आंतोमोलोजिक’, म्हणजे कीटकांच्या आठवणी, या मालेचा पहिला खंड १८७९ मध्ये निघाला. दहावा १९०७ मध्ये. पहिल्या खंडावेळी लेखक पंचावन्न वर्षांचा होता, दहाव्या खंडावेळी त्र्याऐंशी.

त्याच १८७९ साली त्याने सेरिन्यां गावाबाहेर एक हेक्टरभर माळ विकत घेतला. दगडगोटे, काटेरी झुडपं, नांगराला नको झालेली जमीन. तिकडे अशा पडीक जमिनीला ‘आर्मास’ म्हणतात, तेच घराचं नाव झालं. भोवती भिंत घातली आणि उरलेली छत्तीस वर्षं त्याने त्या माळावरच काढली. पहिली पत्नी गेल्यावर साठी उलटलेल्या फाब्रने एका तरुणीशी दुसरं लग्न केलं, आणखी तीन मुलं झाली, आणि ती सगळी मुलं कामाला जुंपली गेली. शेण आणायला, भुंगे धरायला, रात्री कंदील धरायला.

एका मे महिन्यातल्या सकाळी त्याच्या टेबलावर ‘मोठ्या मयूर’ पतंगाची मादी कोषातून निघाली. युरोपातला हा सर्वांत मोठा पतंग. पंखांवर मोरपिसासारखे डोळे. फाब्रने तिच्यावर सवयीने जाळीचं झाकण ठेवलं आणि तो विसरून गेला. रात्री नऊच्या सुमाराला धाकट्या पोलच्या खोलीतून आरडाओरडा झाला. पोरगं अर्धवट कपड्यांत खुर्च्या उलथवत नाचत होतं. खोलीत पक्ष्यांएवढाले पतंग शिरले होते. बापलेक मेणबत्ती घेऊन अभ्यासिकेत आले, तर मादीच्या झाकणाभोवती, छताला, मेणबत्तीवर पतंगच पतंग. घरभर मिळून चाळीसेक नर. बाहेर मिट्ट काळोख, आभाळ भरलेलं, घराला झाडांचा वेढा, आणि हा पतंग तर त्या परिसरात विरळा. पुढच्या आठ रात्रींत दीडशेच्या आसपास नर आले.

त्यांना कुणी सांगितलं? पुढची काही वर्षं फाब्र याच्या मागे लागला होता. त्याने नरांच्या मिशा कापून पाहिल्या. मादीची जागा बदलली. खोलीत डांबरगोळ्यांचा असा वास पसरवला की माणसाला नाक धरावं लागे. नर तरीही अचूक आले. मादीला काचेच्या घट्ट बंद भांड्यात ठेवलं तर एकही आला नाही. डबीला बारीक फट ठेवली तर आले. दुसऱ्या एका जातीच्या पतंगावर प्रयोग करताना तर मादी डोळ्यांसमोर काचेत होती आणि नर तिला सोडून ती रात्रभर ज्या फांदीवर बसली होती त्या रिकाम्या फांदीवर गर्दी करत होते. तेव्हा वासच, पण आपल्या नाकाला मुळीच न कळणारा. या निष्कर्षापुढे त्याच्या सुया आणि बश्या जाऊ शकत नव्हत्या. १९५९ साली जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीमपतंगांच्या माद्यांच्या ग्रंथींमधून असा पहिला पदार्थ शुद्ध रूपात वेगळा केला. बॉम्बिकॉल हे त्याचं नाव. पिकांवरच्या किडींसाठी आपले शेतकरी आज जे कामगंध सापळे लावतात, ते याच तत्त्वावर चालतात.

फाब्रच्या गोष्टी जगभर सांगितल्या गेल्या आणि सांगता सांगता झिजून गुळगुळीत झाल्या. पाइनच्या झाडावरच्या सुरवंटांचंच घ्या. हे सुरवंट एकामागे एक रांगेने चालतात, प्रत्येकजण पुढच्याने सोडलेल्या रेशमी धाग्यावरून. १८९६ च्या जानेवारीअखेर त्यांची एक रांग फाब्रच्या काचघरातल्या मोठ्या कुंडीच्या काठावर चढली. काठाचा परीघ सव्वा मीटरहून थोडा जास्त. पुरेसे सुरवंट चढताच त्याने मागचे झटकून टाकले आणि खालचा धागा पुसला. रांगेचं वर्तुळ झालं; पुढारी कुणी उरला नाही. ते सात दिवस गोल फिरत होते. त्याने हिशेब मांडला: चालण्याचे ८४ तास, साडेचारशे मीटरच्या वर वाटचाल. व्यवस्थापनाच्या भाषणांत ही गोष्ट हटकून येते आणि तिचा शेवट सुरवंट उपाशी मेले असा केला जातो. फाब्रने तसं लिहिलेलं नाही. थंडीने गारठून रांग तुटत गेली, काहींनी बाजूला नवे धागे सोडले आणि आठव्या दिवशी मंडळी कुंडीवरून उतरून घरट्यात गेली.

दुसरी अशीच गोष्ट स्फेक्स माशीची. ती रातकिडा लुळा करून बिळाच्या तोंडाशी ठेवते, आत जाऊन बीळ तपासते आणि मग त्याला मिशांना धरून आत ओढते. ती आत गेली की फाब्र रातकिडा थोडा दूर सरकवी. माशी बाहेर येई, त्याला पुन्हा तोंडाशी आणी आणि पुन्हा आत जाऊन तपासणी करी. चाळीस वेळा हेच. कीटक म्हणजे चावी दिलेलं यंत्र, याचा पुरावा म्हणून विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञांनी ही माशी फार वापरली. पण त्याच पुस्तकात फाब्रने पुढे लिहिलं आहे की दुसऱ्या एका वसाहतीतल्या माश्या दोन-तीनदा फसल्या आणि मग तपासणीला फाटा देऊन रातकिडा सरळ आत घेऊन गेल्या. स्वतःच्या सिद्धान्ताला अडचणीची ठरणारी नोंद त्याने गाळली नाही. त्याच्या चाहत्यांनी गाळली.

सिद्धान्त असा होता की सहजप्रेरणा जन्मजात, परिपूर्ण आणि न बदलणारी असते. त्यावरूनच त्याचं डार्विनशी कधी जुळलं नाही. गंमत म्हणजे डार्विनला त्याच्याबद्दल नितांत आदर होता. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या नंतरच्या एका आवृत्तीत त्याने फाब्रला अद्वितीय निरीक्षक म्हटलं आहे. १८८० मध्ये पत्रातून त्याने एक प्रयोगही सुचवला. गवंडी माश्या दूर नेऊन सोडल्या तरी घरी परततात, तर नेताना आधी उलट दिशेला जा, डबा गरागरा फिरवा, त्यांची दिशा चुकते का पाहा. फाब्रने माश्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके दिले, त्यांना डब्यात घातलं आणि वाटेत थांबून थांबून डबा दोरीने चहूकडे फिरवला. रस्त्याने चाललेल्या एका बाईला हा म्हातारा करणी करतोय असंच वाटलं असणार. साधारण दहातल्या तीन-चार माश्या तरीही घरी परतल्या, न फिरवलेल्या माश्यांइतक्याच. त्याने हे डार्विनला कळवलं. एकमेकांना खोडून काढणाऱ्या या दोघांची पत्रं सौजन्याने भरलेली आहेत.

उत्क्रांतीविरुद्ध फाब्रचा मुख्य मुद्दा त्याच्या लाडक्या गांधीलमाश्याच होत्या. नांगी नेमक्या गाठीवर बसली नाही तर एकतर शिकार मरून सडेल किंवा पिल्लाला चिरडेल. म्हणजे पहिल्याच माशीला ही कला पूर्ण यायला हवी, ती हळूहळू शिकून चालणार नाही. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्याने उन्हाळेच्या उन्हाळे अशाच माश्या पाहिल्या आणि १८९८ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की नांग्यांची संख्या आणि जागा माशीगणिक बदलते, काही शिकारी चक्क मरतात आणि पिल्लं ती मेलेली शिदोरीही खाऊन नीट वाढतात. म्हणजे कसबात कमीजास्त होतं, आणि निवडीला तेवढं पुरतं. फाब्रने पाहिलेलं बरोबर होतं. ‘नेहमीच असं’ हे त्याने पदरचं जोडलं होतं.

सिकाडाच्या बाबतीत तर त्याने कहरच केला. दारासमोरच्या झाडांवर दिवसभर कर्कश आवाज करणाऱ्या या किड्यांना ऐकू येतं का, हे पाहायला त्याने गावच्या जत्रेत बार उडवायच्या दोन उखळ्या मागून आणल्या. काचा फुटू नयेत म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या, साक्षीला माणसं बसवली आणि बार काढले. एकाही सिकाडाचा सूर हलला नाही. फाब्रने त्यांना जवळपास बहिरे ठरवलं. खरं तर सिकाडाला पोटावर कानाचे चांगले पडदे असतात, पण ते जुळलेले असतात आपल्या जातीच्या उंच स्वराशी. उखळीचा दणका त्यांच्या लेखी नसल्यासारखाच.

एवढं असूनही हे दहा खंड आज वाचवतात. त्यांत चूकही अशी सविस्तर लिहिलेली असते की वाचणाऱ्याला ती स्वतः पकडता यावी. विद्वानांनी त्याच्या भाषेला नावं ठेवली, ही काही शास्त्राची भाषा नव्हे म्हणाले. साहित्याच्या लोकांनी मात्र त्याचं नाव नोबेलसाठी सुचवलं, मिळालं नाही. १९१० साली मित्रांनी घडवून आणलेल्या सत्कारानंतर वृत्तपत्रांनी त्याला शोधून काढलं, १९१३ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष प्वँकारे दाराशी येऊन गेले. तोवर त्याची दृष्टी अधू झाली होती आणि पायही चालत नव्हते. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, ब्याण्णवाव्या वर्षात, तो आर्मासमध्ये वारला. घर आणि माळ १९२२ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाने घेतलं. त्याचं लिहायचं चिमुकलं टेबल आणि आळंब्यांची शेकडो जलरंगचित्रं त्याच्या मागे उरली.

फ्रान्समध्ये त्याला आता लोक विसरत चालले आहेत, असं फ्रेंच लोकच म्हणतात. जपानात तसं नाही. तिथे फाब्र शाळकरी पोरांना ठाऊक असतो. भुंगे पाळायचा, पतंग जमवायचा तिथल्या मुलांना पहिल्यापासून नाद, आणि त्या नादाला हे पुस्तक सापडलं. जपानीत त्याचा पहिला खंड आणला ओसुगी साकाए या अराजकवादी लेखकाने, १९२२ साली. पुढच्याच वर्षी टोकियोच्या भूकंपानंतरच्या गोंधळात लष्करी पोलिसांनी ओसुगीला ठार केलं. उरलेले खंड दुसऱ्यांनी पुरे केले.